चिअर्स नाही, चिमॅक!

कुरकुरीत कोंबडी, फेसाळ बिअर आणि हान नदीचा काठ... सोलला जाताय? राजवाडे बघा, शॉपिंग करा, के-पॉपच्या गल्ल्याही पालथ्या घाला. पण एक संध्याकाळ मात्र राखून ठेवा!

३० ऑक्टोबर २०२५ची संध्याकाळ. सोलच्या सामसाँग-दोंग भागातलं 'कान्बू चिकन' नावाचं साधंसुधं दुकान. एका टेबलावर तीन पुरुष बसलेत. समोर तळलेलं चिकन, चीज स्टिक्स आणि बिअरचे ग्लास. तिघांनी एकमेकांच्या हातात हात अडकवले आणि बिअर घशाखाली उतरवली. यात विशेष काय? विशेष एवढंच, की हे तिघं होते एन्व्हिडियाचे जेन्सन हुआंग, सॅमसंगचे ली जे-योंग आणि ह्युंदाईचे चंग युइ-सन!

बाहेर बघ्यांची तोबा गर्दी. दुसऱ्या दिवशी शेअर बाजारात चिकन कंपन्यांचे भाव वर. गंमत म्हणजे 'कान्बू' स्वतः बाजारात लिस्टेडच नाही, म्हणून लोकांनी दुसऱ्याच चिकनवाल्यांवर पैसे लावले! 'कान्बू' या शब्दाचा अर्थ माहितीये? गोट्या खेळताना आपल्या बाजूने असतो ना, तो भिडू. 'स्क्विड गेम' बघितलेल्यांना आठवेल.

जगातल्या कुठल्याही फाइव्ह स्टारमध्ये ज्यांना टेबल मिळेल, त्यांनी कोपऱ्यावरचं चिकनचं दुकान का गाठावं? कारण कोरियात 'आपण आता दोस्त' असं सांगायचं असेल तर त्याची एकच रीत आहे. चिमॅक!

चकण्याचा महाराजा

'चिकिन' म्हणजे चिकन आणि 'मॅक्जू' म्हणजे बिअर. दोघांचं लग्न लावलं की झालं 'चिमॅक'. हा शब्द आता इतका पक्का झालाय की २०२१ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीनेही त्याला घरात घेतलं.

आपल्याकडे बिअरबरोबर चकणा असतो. शेंगदाणे, चणे, फार तर बोंबील फ्राय. कोरियात चकण्याला म्हणतात 'आन्जू', आणि आन्जूशिवाय नुसतं पीत बसणं तिथे कुणाला फारसं पटत नाही. पण चिमॅकची गोष्ट त्याच्याही पुढची. इथे चकणाच हिरो आहे आणि बिअर त्याची साइडकिक!

अजून एक मजा. आपण मराठीत अंगणात फिरते ती 'कोंबडी' आणि ताटात येतं ते 'चिकन' म्हणतो. कोरियनांचंही तसंच. जिवंत किंवा कच्ची कोंबडी म्हणजे 'दाक'. 'चिकिन' म्हटलं की फक्त आणि फक्त तळलेलं. त्यामुळे तिथे कुणी "आज चिकिन?" असं विचारलं तर करी येईल की तंदुरी, हा प्रश्नच येत नाही.

एवढं कुरकुरीत कसं काय, बॉस?

अमेरिकन फ्राइड चिकनची सवय असलेल्यांना पहिल्याच घासाला फरक कळतो. इथलं कव्हर जाड, खडबडीत नसतं. पातळ असतं, आणि चावलं की काचेसारखं कडकन मोडतं. फंडा सोपा आहे. पिठात बटाट्याचं किंवा मक्याचं स्टार्च मिसळायचं आणि चिकन दोनदा तळायचं. पहिल्यांदा आतून शिजेपर्यंत. मग बाहेर काढून थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा कडकडीत तेलात सोडायचं. मधल्या वेळात आतला ओलावा बाहेरच्या थरात येतो, तो दुसऱ्या तळणीत उडून जातो. म्हणून वर सॉस चोपडला तरी ते लगेच मऊ पडत नाही.

दुसरं कारण म्हणजे कोंबडीचा साइझ. मोठ्या चेन्समध्ये '१० नंबर'ची कोंबडी चालते, म्हणजे साफ केल्यावर साधारण एक किलोची. लहान पक्षी, लहान तुकडे, त्यामुळे दर घासाला कुरकुर जास्त. 'एका माणसाला एक कोंबडी' ही तिथली म्हणच झालीये. आधी अतिशयोक्ती वाटते. मग प्लेट येते आणि पटतं!

फ्लेव्हर दोन मुख्य. एक साधं, 'फ्राइड'. दुसरं 'यांग्न्यॉम', म्हणजे गोचुजांग ही मिरचीची पेस्ट, लसूण, केचप आणि गोडसर पाक यांच्या लालचुटुक सॉसमध्ये घोळवलेलं. तिखट, गोड, चिकट... बोटं चाटायला लावणारं. याचं श्रेय दिलं जातं देगू शहरातल्या युन जोंग-ग्ये यांना. त्यांच्या दुकानाचं नाव 'मेक्सिकन चिकन', मेक्सिकोशी मात्र काही संबंध नाही! तिसरा लाडका प्रकार सोया-लसणाचा. तो लोकप्रिय केला 'क्योचॉन'ने. हे दुकान टॅक्सी चालवणाऱ्या क्वॉन वॉन-गांग यांनी १९९१ साली गुमी नावाच्या औद्योगिक शहरात टाकलं होतं. आज ती देशातल्या बड्या चेन्सपैकी एक आहे.

आणि बाजूला येणारे ते पांढरे चौकोनी तुकडे? तो व्हिनेगर-साखरेत मुरवलेला मुळा. बघून नाक मुरडू नका. चार तुकडे चिकन झालं की तोंडाला जो तेलकटपणा येतो, तो हा आंबटगोड मुळा असा काही साफ करतो की पाचव्या तुकड्याला पुन्हा पहिल्याची मजा!

बिअरचं काय? खरं सांगायचं तर कास, हाइट, टेरा या तिथल्या पॉप्युलर लागर हलक्याफुलक्या. २०१२ साली 'द इकॉनॉमिस्ट'ने तर लिहिलं होतं की दक्षिणेपेक्षा उत्तर कोरियाची बिअर बरी! कोरियनांना ते चांगलंच झोंबलं. त्यानंतर कायदे सैल झाले, क्राफ्ट बिअर आली, बार सजले. पण चिकनबरोबर अजूनही तीच हलकी, बर्फगार लागर लागते. तिखट-गोड सॉसपुढे कडवट भारी बिअर भांडायला लागते, ही बिचारी गुमान साथ देते.

साहेब, कढई आणि आयएमएफ

आता जरा सीरियस होऊया. कारण ही डिश नुसती चविष्ट नाही, तिच्यामागे एक मोठी उलथापालथ आहे. आणि तुम्ही-आम्ही लॅपटॉपवर पोट भरणाऱ्यांनी ती ऐकायलाच हवी.

१९६० साली सोलच्या म्योंगदोंगमध्ये 'यंगयांग सेंटर' सुरू झालं. तिथे अख्खी कोंबडी इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये फिरत भाजली जायची. तेल महाग, त्यामुळे तळणं ही चैन. सत्तरच्या दशकात सोयाबीन तेल मुबलक झालं, कोंबड्यांची फार्म्स वाढली आणि १९७७ मध्ये 'लिम्स चिकन' ही पहिली फ्राइड चिकन चेन आली. ऐंशीच्या दशकात 'होफ' नावाचे बिअर पब गल्लोगल्ली झाले. चिकनला जोडीदार मिळाला.

आणि मग आलं १९९७. आशियाई आर्थिक संकटात कोरियाचं कंबरडं मोडलं, नोव्हेंबरमध्ये आयएमएफकडे हात पसरावे लागले. एकदा कंपनीत चिकटलं की रिटायर होईपर्यंत चिंता नाही, हा समज एका हिवाळ्यात संपला. चाळिशी-पन्नाशीतले मॅनेजर, इंजिनीअर घरी बसले. हातात थोडी रक्कम, घरात शिकणारी मुलं. करायचं काय? चिकनच्या फ्रँचायझीला भांडवल कमी लागतं, जागा छोटी पुरते, सॉस आणि पीठ तयार येतं, ट्रेनिंगही थोडक्यात होतं. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर कितीतरी जणांनी वडापावच्या गाड्या टाकल्या ना? तसंच. फक्त तिथे कढईसमोर उभा राहिलेला माणूस काल टाय लावून मीटिंगला बसत होता.

२००२च्या फुटबॉल वर्ल्ड कपने या दुकानांना बूस्टर दिला. कोरिया थेट सेमी फायनलला! लाल टी-शर्ट घातलेली गर्दी रस्त्यावर, घराघरात टीव्ही समोर, आणि प्रत्येकाच्या हातात काय? तेच.

२०१९ साली केबी फायनान्शियल ग्रुपने हिशेब मांडला. देशात चिकनची दुकानं सुमारे ८७,०००. तेव्हा जगभरातली मॅकडोनाल्ड्स होती साधारण ३८,०००. आणि कोरियाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाही! त्याच अहवालातला दुसरा आकडा मात्र घास अडकवणारा आहे. २०१८ मध्ये सुमारे ६,२०० नवी चिकन दुकानं उघडली आणि ८,४०० बंद झाली.

यावर कोरियन तरुणांचा एक फेमस जोक आहे. शाळेत निबंधाचे चार टप्पे शिकवतात : सुरुवात, विस्तार, कलाटणी, शेवट. त्यांनी 'शेवट' खोडून तिथे 'चिकन दुकान' लिहिलं. आर्ट्सला जा, सायन्सला जा, बँकेत लागा, कोडिंग करा... शेवटी चिकनच तळायचंय! सॉफ्टवेअरवाल्यांचा जोक तर आणखी भारी. प्रोग्रॅममधला बग सापडत नाहीये? कोपऱ्यावरच्या चिकनवाल्या काकांना विचारा, तो तुमच्या आधीचा सीनिअर डेव्हलपर असणार! हिंजवडीत बसून वाचताना हसू येतं. मग आपलं अप्रेझल आठवतं आणि ते हसू थोडं आवरतं.

म्हणूनच चिकनचा भाव हा तिथे राजकारणाइतका हॉट विषय. डिसेंबर २०१० मध्ये 'लोत्ते मार्ट'ने ५,००० वॉनला अख्खं चिकन विकायला काढलं, बाहेरच्या भावाच्या निम्म्याहूनही कमी. ग्राहकांच्या रांगा लागल्या आणि छोटे दुकानदार रस्त्यावर उतरले. आठवडाभरात कंपनीला ते बंद करावं लागलं. अलीकडचं भांडण डिलिव्हरी अ‍ॅप्सशी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये 'बेदाल मिन्जोक' या सगळ्यात मोठ्या अ‍ॅपने कमिशन ६.८ वरून ९.८ टक्के केलं. दुकानदारांनी इतका आवाज केला की नोव्हेंबरमध्ये उलाढालीप्रमाणे २ ते ७.८ टक्के, अशी तडजोड झाली. तुमच्या प्लेटमधल्या प्रत्येक लेग पीसचा हिशेब असा चाललेला असतो.

चला, बसायचं कुठे?

योइदो हानगांग पार्क : पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डोळे झाकून इथूनच सुरुवात करावी. मेट्रोची पाच नंबरची लाइन, स्टेशन योइनारू. बाहेर पडलात की समोर हान नदी. चटई अंथरायची, पार्कातल्या दुकानातून गार बिअर घ्यायची आणि चिकन मागवायचं. पत्ता काय सांगायचा, ही भीती नको. पार्कात चक्क 'डिलिव्हरी झोन' आहेत, बाइकवाला तिथे येऊन थांबतो. एकच अडचण म्हणजे अ‍ॅपला बऱ्याचदा कोरियन फोन नंबर लागतो. तो नसेल तर आधी दुकानातून पार्सल घ्या आणि मग नदी गाठा. समोर दिवे लागलेले पूल, शेजारी कुणाची तरी गिटार... रोमँटिक व्हायला अजून काय पाहिजे? निघताना आपला कचरा उचलून वेगवेगळ्या डब्यांत टाका, तिथे हे फार मनावर घेतात.

बेसबॉलचं स्टेडियम : नियम कळत नाहीत? काही बिघडत नाही! कोरियात बेसबॉल म्हणजे चीअर लीडर्स, प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं आणि मांडीवर चिकनचा डबा. पाठीवर बिअरचा पिंप बांधून स्टँडमध्ये फिरणारी पोरं हा वेगळाच सीन! २०२४ मध्ये लीगच्या प्रेक्षकांनी पहिल्यांदा एक कोटीचा आकडा ओलांडला आणि त्यात तरुण मुलींची संख्या डोळ्यात भरण्याइतकी. सीझन मार्चअखेर ते शरद ऋतू, सोमवारी सहसा मॅच नसते. सोलमधलं जुनं, १९८२चं जामशिल स्टेडियम पाडून तिथे डोम बांधायचा प्लॅन आहे, म्हणून तिकीट काढताना मॅच नेमकी कुठे आहे ते आधी बघा.

उल्जीरोची गल्ली : दिवसा प्रिंटिंग प्रेस आणि हार्डवेअरची दुकानं, रात्री रस्ताभर प्लास्टिकची टेबलं. उल्जीरो साम-गा स्टेशनजवळची ही गल्ली खरं तर 'नोगारी'ची, म्हणजे सुकवलेल्या छोट्या माशाची. आपल्या सुक्या बोंबलाचा लांबचा भाऊच! पण लसूण घातलेलं चिकनही इथे मिळतं, आणि जुन्या सोलचा फील इथल्यासारखा क्वचितच कुठे. अर्थात, इथेही सगळं गोड नाही. गल्लीला ही ओळख देणारा, १९८०चा 'उल्जी ओबी बेअर' हा छोटासा पब जागेच्या वादात एप्रिल २०२२ मध्ये हटवला गेला. ट्रेंडी झालेल्या गल्लीचं भाडं आधी जुन्यांनाच जड जातं, हे काय फक्त सोलचं दुखणं आहे?

सुवन : सोलहून ट्रेनने साधारण तासाभरावर. सकाळी ह्वासाँगचा किल्ला बघा. तो वर्ल्ड हेरिटेज आहे आणि तटावरून फिरताना पाय चांगले दुखतात. दुखले की समजायचं, पालदालमून वेशीजवळच्या 'थोंगदाक' गल्लीची वेळ झाली. थोंगदाक म्हणजे अख्खी कोंबडी. लोखंडी मोठ्या कढईत, फारसे लाड न करता, पातळ आवरणात तळलेली. चेन्सच्या चकचकाटाआधी चिकन कसं लागायचं, ते इथे कळतं. २०१९चा 'एक्स्ट्रीम जॉब' हा सिनेमा बघितलाय? ड्रग गँगवर पाळत ठेवायला पोलिस चिकनचं दुकान काढतात आणि धंदा इतका चालतो की चौकशी करायला वेळच मिळत नाही! दीड कोटीहून जास्त तिकिटं विकली गेली त्याची. त्यात गाजलेलं 'सुवन गाल्बी चिकन' आधी सिनेमात आलं, मग इथल्या मेन्यूवर.

देगू : सोलबाहेर पडायची तयारी असेल तर उन्हाळ्यात देगू गाठा. यांग्न्यॉमचं माहेर. २०१३ पासून इथे दुर्यू पार्कमध्ये चिमॅक फेस्टिव्हल भरतो. देगूचा उकाडा कोरियात बदनाम आहे, पण मे महिन्यात नागपूर काढलेल्यांनी घाबरायचं कारण नाही.

आणि कुठलाही कोपरा : हा आमचा सगळ्यात लाडका पत्ता. यादी खिशात ठेवा आणि हॉटेलच्या मागच्या गल्लीत शिरा. पाच-सहा टेबलं, भिंतीवर टीव्ही, काउंटरमागे तळणारे काका आणि हिशेब बघणाऱ्या काकू. बोर्ड मोठ्या चेनचा असला तरी आतला मालक बहुतेक वेळा एक कुटुंबच असतं. इथे बसून खाल्लं की चिकन पेटीत वाफेने मऊ पडत नाही, आणि अ‍ॅपचं कमिशनही जात नाही. तुमचा फायदा, त्यांचाही!

ऑर्डर करताना...

* ठरत नसेल तर म्हणा 'बानबान', म्हणजे अर्धं साधं, अर्धं यांग्न्यॉम. मुळा जास्त हवा असेल तर पुढे जोडा 'मू मानी'.
* हाडं नकोत? 'सुनसाल' मागा.
* अख्ख्या चिकनला साधारण २०,००० वॉन किंवा थोडे जास्त मोजावे लागतात, म्हणजे बारा-तेराशे रुपयांच्या पुढे. दोघांत एक पुरेसं आहे.
* टिप द्यायची पद्धत नाही. बिल काउंटरवर भरा.
* प्लास्टिकचे हातमोजे दिले तर लाजू नका, घालायचे असतात.
* आपला ग्लास आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा भरा, तो तुमचा भरेल. वयाने मोठा माणूस ओतत असेल तर ग्लास दोन्ही हातांनी धरा.
* ग्रुपमध्ये शाकाहारी दोस्त असेल तर त्याला आधीच सांगा. फ्राइज आणि मुळ्यावर रात्र काढावी लागेल! ताकबोकी शाकाहारी दिसतं, पण त्यात बहुधा माशाचा स्टॉक आणि फिश केक असतो.
* बिअरमध्ये सोजू घालून 'सोमॅक' करायचा आग्रह होईल. चव सोपी, परिणाम अवघड!
* ड्रंक ड्रायव्हिंगची मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे एखादा ग्लासही महागात पडू शकतो. मेट्रो किंवा टॅक्सीच बरी.

रांजणगावच्या एलजीमुळे आणि आता तळेगावच्या ह्युंदाईमुळे पुण्यातल्या अनेकांच्या पासपोर्टवर कोरियाचा शिक्का बसतोय. कंपनीच्या डिनरला तिथला बॉस चिकनच्या दुकानात घेऊन गेला तर 'एवढंच?' असा चेहरा करू नका. तो तुम्हाला भिडू मानतोय.

आणि दुकानातून बाहेर पडताना काउंटरमागच्या काकांकडे बघून 'चाल मोगॉस्सुम्निदा' म्हणायला विसरू नका. अर्थ एवढाच, 'छान जेवलो'. उच्चार चुकला तरी चालेल. दोनदा तळणाऱ्याला दोन शब्द ऐकायला बरं वाटतं!